प्लास्टरखालचा आकडा

मयूरा सबनीसने आयुष्यातली सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे दात केले. आधी पुण्यात, मग सिडनीत. मुंबईला डेंटल मेकॅनिकचा कोर्स करून ती पुण्यात टिळक रोडवरच्या एका लॅबमध्ये लागली तेव्हा एकवीस वर्षांची होती. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि ही मेणात एकेक दात बसवून, साच्यात प्लास्टर ओतून कवळ्या घडवायची. त्या कवळ्या ज्यांच्या तोंडात बसायच्या ती माणसं तिला सहसा दिसत नसत. जबडा बघून माणूस ओळखायची मात्र तिला सवय लागली होती. हा रात्री दात खातो, ही उजव्या बाजूनेच चावते, असं ती वरचा साचा हातात घेऊन सांगायची आणि ते बहुतेक वेळा खरं निघायचं.

नवरा अजित आयटीतला. त्याच्या व्हिसावर सगळे सिडनीतल्या क्वेकर्स हिल उपनगरात आले तेव्हा लेक उर्वी सहा वर्षांची होती. मयूराला ब्लॅकटाउनकडच्या एका लॅबमध्ये पाच-सहा महिन्यांतच काम मिळालं. ओळखीच्या बायका शिक्षण बाजूला ठेवून दुकानात उभ्या राहत होत्या, तेव्हा आपल्याला आपलंच काम मिळालं याचं तिला फार अप्रूप होतं. मग लॅबमध्ये मशीन आलं. तोंडाचं माप स्कॅनरने घ्यायचं आणि दात मशीनने कोरायचे. मालक भला माणूस होता. त्याने मयूराला कॉफी पाजली, खूप सॉरी म्हणाला आणि चार आठवड्यांची नोटीस दिली. ती तेव्हा सत्तेचाळीसची होती.

पुढचं वर्ष वाईट गेलं. तिने बागेत नको तेवढ्या भाज्या लावल्या, कपाटं आवरून पुन्हा आवरली. अजित संध्याकाळी घरी आला की ती भराभरा बोलायची, कारण दिवसभर कुणाशी बोलणं झालेलं नसायचं. शेवटी उर्वीच म्हणाली, "आई, माझ्या युनीच्या म्युझियमला व्हॉलंटियर्स हवेत. जस्ट गो." उर्वी नुकतीच युनिव्हर्सिटीत जाऊ लागली होती.

तिथे मयूराला पहिले दोन महिने लेबलं चिकटवण्याचं काम होतं. एक दिवस ती वर्कशॉपमध्ये डोकावली तर माउंट करणारा म्हातारा एका फुटक्या मडक्यासाठी पितळेच्या सळईचा आधार घडवत होता. माउंट म्हणजे काचपेटीत वस्तू ज्यावर उभी राहते तो आधार. वस्तू धरायची, पण टोचायचं नाही आणि लोकांना दिसायचंही नाही. सळई वाकवायची, डाग देऊन सांधायची, कानशीने घासायची. मयूरा उभी राहून बघत राहिली. हे तर दात अडकवायच्या तारेचंच काम होतं, फक्त मोठं. "मी करून बघू?" तिने विचारलं. म्हाताऱ्याने तिच्या हातात पक्कड दिली. वर्षभराने तो निवृत्त झाला तेव्हा त्याची जागा मयूराला मिळाली. कायमची नव्हे, सहा-सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर.

एवढं सगळं सांगायचं कारण असं, की पुढे जे झालं ते दातांचं काम केलेल्या बाईच्याच लक्षात येण्यासारखं होतं.

त्या वर्षी म्युझियमने अरबस्तानच्या वस्तूंसाठी नवं दालन करायला घेतलं होतं. त्या दालनाचा मानाचा नमुना म्हणजे बाईचं दगडी डोकं. येमेनच्या वाळवंटाकाठी दोन हजार वर्षांपूर्वी जी नगरं होती तिथलं. दगड दुधी, फिकट मधाच्या रंगाचा. दिवा मागे धरला तर कडेने उजेड झिरपायचा. नाक लांब आणि सरळ, ओठ बारीक मिटलेले, डोळ्यांच्या जागी खोल खोबण्या. त्यांत एके काळी जडवलेले डोळे असणार, ते कधीच गेले होते. डोकं वरून कापल्यासारखं सपाट.

"केस का नाहीत हिला?" मयूराने विचारलं.

"केस चुन्याच्या गिलाव्याचे करायचे," हेलन म्हणाली. हेलन त्या दालनाची क्युरेटर, मयूराच्याच वयाची, चालताना बोलणारी बाई. "कबरीत ठेवायचे असे चेहरे. खाली दगडी बैठक असायची, तिच्यावर नाव कोरलेलं. इकडे चेहरा, इकडे नाव. हिची बैठक आपल्याकडे नाही. त्यामुळे ही कोण, ते माहीत नाही."

डोकं म्युझियमला दिलं होतं बार्बरा नावाच्या बाईंनी. त्यांचे वडील साठच्या दशकात एडन बंदरावर इंजिनिअर होते. त्यांनी ते तिथल्या बाजारात विकत घेतलं अशी कागदावर नोंद होती. आता नव्या दालनालाही बार्बराबाईंचीच मोठी देणगी होती आणि त्यांच्या वडिलांचं नाव दारावर लागणार होतं.

मयूराचं काम सरळ होतं. डोकं जुन्या लाकडी ठोकळ्यावर बसवलेलं होतं. मानेत लोखंडी सळई घातलेली आणि भोवती प्लास्टर थापलेलं. सळई गंजून दगडावर तांबूस डाग पडू लागला होता. तो सगळा जुना आधार काढायचा आणि नवा माउंट करायचा. दुरुस्ती विभागाने प्लास्टरचा तुकडा तपासला, दगडाला पाणी लावू नकोस म्हणून बजावलं आणि परवानगी दिली. "प्लास्टर तुला आमच्यापेक्षा जास्त कळतं," ते म्हणाले.

ते खरंच होतं. साच्यातून कवळी काढताना प्लास्टर कुठे चिरायचं, कुठे नुसतं दाबलं की सुटतं, हे तिच्या बोटांना पाठ होतं. तिने डोकं मऊ फोमवर आडवं निजवलं, बारीक करवतीने चिरा पाडल्या आणि चिमट्याने एकेक खपली उचलायला लागली. समोरची बाजू तासाभरात मोकळी झाली. मागची होईना. मागे प्लास्टर समोरच्यापेक्षा दुप्पट जाड होतं.

तिचा हात थांबला. सळई पुढच्या बाजूला होती, म्हणजे भार पुढे होता. आधाराला थापलेलं प्लास्टर जिथे भार पडतो तिथे जाड असतं. मागे एवढं थापायची काही गरज नव्हती. आणि ते एकदम थापलेलंही नव्हतं. आधी पातळसा एक हात दिलेला, तो सुकल्यावर वर दुसरा. दोन्हींमधली रेघ तिला स्पष्ट दिसत होती. कवळीच्या कामात पहिला पातळ हात एकाच कारणासाठी देतात: जे खाली आहे त्याचा कानाकोपरा भरून निघावा म्हणून.

तिने शेवटची खपली उचलली. मानेच्या मागच्या बाजूला काळ्या शाईत दोन इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा होता. ए. एम. २१७. त्यावरून पात्याने आडवेतिडवे ओरखडे काढलेले होते. कुणीतरी आधी आकडा खरवडायचा प्रयत्न केला होता, दगड खराब व्हायला लागला तेव्हा सोडून दिला होता.

मयूराला इतिहासातलं फारसं कळत नव्हतं. पण म्युझियममध्ये काम करणाऱ्या कुणालाही, अशा जागी शाईने घातलेला आकडा कशाचा असतो ते कळतं. बाजारातला दुकानदार असे आकडे घालत नाही, संग्रहालय घालतं.

तिने त्यावर मऊ कागद ठेवला, डोकं झाकलं, हात धुतले आणि साडेतीनची ट्रेन पकडून घरी आली. म्युझियममध्ये तिने कुणालाच काही सांगितलं नाही.

घरी अजित लवकर आला होता. दोघं नेहमीसारखी ओढ्याकाठच्या वाटेने फिरायला निघाली, तेव्हा तिने त्याला सांगितलं.

"तुला माउंट करायचं काम दिलंय ना?" अजित म्हणाला. "मग माउंट कर. नंबर त्यांना दिसेलच की."

"नाही दिसणार. माझ्या माउंटची पट्टी बरोबर तिथेच येते. ड्रॉइंग मंजूर झालंय. मी बोलले नाही तर पुढची पन्नास वर्षं तो नंबर झाकलेला राहील."

"आणि बोललीस तर? दालन नऊ दिवसांवर आलंय. तुझं कॉन्ट्रॅक्ट जूनला संपतंय. हेलन तुला पर्मनंट करायचं बघतेय, तूच म्हणालीस. मी गप्प बस म्हणत नाहीये, मयू. फक्त ते एक वर्ष मला आठवतंय."

तिलाही आठवत होतं. पण तिला आणखी एक गोष्ट आठवत होती, जी तिने अजितलाही कधी सांगितली नव्हती. ती तेवीस वर्षांची असताना एका कवळीला साच्यातून काढताना बारीक तडा गेला होता. दुसऱ्या दिवशी ती द्यायची होती. तिने तडा भरला, पॉलिश मारली, कुणाला ओळखू आलं नाही. तीन आठवड्यांनी एक म्हातारे गृहस्थ स्वतःच जिना चढून लॅबमध्ये आले. हिरडी चिरली होती. त्यांना वाटत होतं की चूक आपलीच, आपल्यालाच कवळी नीट लावता येत नाही. "बाळ, मला जरा शिकवतेस का?" ते तिला म्हणाले. तिने त्यांना कवळी कशी लावायची ते दाखवलं. फुकट नवी करून देते, एवढंही तिला म्हणता आलं नाही, कारण मग सगळंच सांगावं लागलं असतं.

ते तिने त्या वाटेवर अजितला सांगितलं. अजितने तिचा हात धरला. एरवी तो रस्त्यात हात धरणारा नव्हता. "उद्या सकाळीच सांग," तो म्हणाला. "दुपारपर्यंत थांबलीस तर पुन्हा विचार करत बसशील."

सकाळी हेलनने तो आकडा भिंगातून पाहिला आणि खुर्चीत बसली.

"जुन्या एखाद्या खाजगी संग्रहाचाही असू शकतो," ती म्हणाली.

"असेल."

"आणि प्लास्टर आधारासाठीच असेल. नंबर आपोआप झाकला गेला असेल."

"तसं नाही, हेलन." मयूराने काढलेल्या खपल्या ट्रेमध्ये जशाच्या तशा मांडून ठेवल्या होत्या. ती एकेक दाखवत गेली. हा पातळ हात, ही मधली रेघ, हा वरचा थर, इथे भार नाही. "मी सव्वीस वर्षं हेच केलंय. ज्याने हे लावलं त्याला खालचं काहीतरी झाकायचं होतं. कुणी लावलं ते मला माहीत नाही. पण ते असंच चुकून झालेलं नाही."

हेलन एकदम चिडली. "तुला कळतंय का आठ दिवस राहिलेत? निमंत्रणं गेलीत. दारावरची पाटी छापून आलीय." मग तिचं तिलाच वाईट वाटलं. ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. "सॉरी. तुझा काय दोष. बार्बराला फोन करावा लागेल. तू हवीस त्या वेळी. मला ते प्लास्टरचं तुझ्यासारखं सांगता येणार नाही."

बार्बराबाई दोन दिवसांनी आल्या. सत्तरीकडे झुकलेल्या, उंच, सुती शर्ट घातलेल्या. मयूराला वाटलं होतं मोठी देणगी देणारी बाई म्हणजे काहीतरी तोरा असेल. पण बाईंनी आल्या आल्या आडव्या निजवलेल्या डोक्याच्या गालाला बोटाची पाठ लावली, घरातल्या माणसाला लावावी तशी.

"हिला आम्ही आंटी म्हणायचो," त्या म्हणाल्या. "पियानोवर असायची. मी शाळेतून आले की हॅट हिच्या डोक्यावर ठेवायचे. सपाट आहे ना, छान बसायची."

हेलनने सांभाळून सांभाळून सगळं सांगितलं. मग मयूराने खपल्या दाखवल्या. दोन हात कसे दिले, पहिला सुकू कसा दिला. बार्बराबाई पातळ थराच्या एका खपलीकडे बघत होत्या.

"वाडगा मी धरला होता," त्या म्हणाल्या.

हेलनला कळेना. "कुठला वाडगा?"

"प्लास्टरचा. इथे सिडनीला आल्यावर, गॅरेजमध्ये. मी अकरा वर्षांची होते. डॅडी म्हणाले, हलवत राहा, घट्ट होऊ देऊ नकोस. आधी थोडं लावलं. मग म्हणाले, आता लिंबूपाणी पिऊन येऊ, मग उरलेलं. मी विचारलं, मागे कशाला? तर म्हणाले, आंटीची पाठ दुखू नये म्हणून." बाई क्षणभर हसल्या आणि हसता हसता त्यांचा चेहरा बदलला. "माझा सगळ्यात आवडता दिवस होता तो. डॅडी घरी कमी असायचे. पूर्ण दिवस ते माझ्याबरोबर होते."

मयूराला वाटलं, आपण हिच्या घरात शिरून काहीतरी उचलून नेलंय. ती नकळत मराठीत "बसा ना" म्हणाली आणि स्टूल पुढे केलं. बाईंना शब्द कळला नसला तरी त्या बसल्या.

"तुम्ही हे बघितलंच नसतं तर?" त्यांनी मयूराला विचारलं. त्यात राग नव्हता, खरंच विचारत होत्या.

"मग मी चांगला माउंट केला असता," मयूरा म्हणाली. "आणि मला त्याचा अभिमान वाटला असता."

बार्बराबाईंनी मान हलवली. मग त्या हेलनला म्हणाल्या, "पाटी लावू नका. देणगी राहू दे. आणि हिचं घर कुठलं ते शोधा."

दालन सहा आठवडे उशिरा उघडलं, डोक्याशिवाय. शोधायला दीड वर्ष लागलं. हेलनने दहा ठिकाणी पत्रं लिहिली. अखेर युरोपातल्या एका निवृत्त अभ्यासकाच्या कागदांत एडनच्या जुन्या संग्रहालयाची टाइप केलेली यादी मिळाली. ए. एम. म्हणजे एडन म्युझियम. २१७: बाईचं डोकं, डोळ्यांतला जडाव गळालेला, कबरीतून. पुढची ओळ होती २१८: याच डोक्याची बैठक, नाव कोरलेलं. यादी करणाऱ्याने नाव मात्र उतरवून घेतलं नव्हतं. ती बैठक आज कुठे आहे, आहे की नाही, कुणाला ठाऊक नाही. इंजिनिअरसाहेबांनी डोकं खरंच बाजारात घेतलं आणि आकडा पाहून घाबरले, की आणखी काही घडलं, तेही कळलं नाही. बार्बराबाईंनी वडिलांची जुनी पत्रं पुन्हा वाचून काढली. त्यांत या डोक्याचा उल्लेखच नव्हता.

डोकं परत द्यायचं ठरलं. पण येमेनमध्ये लढाई चालू होती, वस्तू पाठवायला सुरक्षित जागा नव्हती. त्यांच्या दूतावासाशी बोलून असं ठरलं की परिस्थिती निवळेपर्यंत ती येमेनची ठेव म्हणून इथेच राहावी आणि लोकांना बघू द्यावी. तेव्हा मयूराला पुन्हा माउंट करायला सांगितलं. या वेळी तिने जुनं ड्रॉइंग बाजूला ठेवलं. मानेला दोन बाजूंनी पितळेच्या बारीक बोटांनी धरलं, आत मऊ चामडं लावलं आणि मागची बाजू पूर्ण मोकळी सोडली. काचपेटी भिंतीपासून पुढे आणली. लोक मागे जाऊन आकडा वाचू शकत होते, ओरखडेही बघू शकत होते. लेबलावर हेलनने सगळं सरळ लिहिलं.

मयूराची नोकरी पर्मनंट झाली नाही. युनिव्हर्सिटीने त्या वर्षी कुणालाच पर्मनंट केलं नाही, त्यामुळे या गोष्टीचा त्याच्याशी संबंध होता की नव्हता हे तिला कधी कळलं नाही. तिने त्यावर फार विचार केला नाही असंही नाही. अजित एकदाही "मी म्हणालो होतो" म्हणाला नाही. तिला मग इतर दोन म्युझियमांतूनही कामं येऊ लागली आणि आठवड्याचे चार दिवस भरले.

दालनात डोकं ठेवल्यावर महिन्याभराने सालेह नावाचे एक गृहस्थ आले. एडनचे शिक्षक, आता सिडनीत बस चालवणारे, साठीचे. हेलनने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, कारण ते लहानपणी शाळेच्या सहलीत त्या संग्रहालयात गेले होते. मयूरालाही उत्सुकता होती, म्हणून ती हातातलं काम सोडून आली. सालेह पेटीभोवती तीनदा फिरले. खाली वाकून चेहरा पाहिला.

"आठवते का?" हेलनने विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? मला तिथला पंखा आठवतो. खूप मोठा होता. आम्ही सगळी मुलं त्याच्याखाली उभी होतो. वस्तूंकडे कुणी बघितलं?" मग ते पुन्हा पेटीकडे वळले. "ती माझ्या जन्माच्या आसपासच गेली असेल तिथून. तिची रिकामी जागा कदाचित मी बघितली असेन. रिकामी जागा लहान मुलांना दिसत नाही."

त्यांनी मयूराला विचारलं, ही पितळेची बोटं कुणी केली? मी, ती म्हणाली. ते चष्मा वर करून बघत राहिले. "निघतात का?" "दोन स्क्रू आहेत. पाच मिनिटांत निघतात." "चांगलं केलं," सालेह म्हणाले. "पटकन निघता आलं पाहिजे."

त्यांच्या त्या बोलण्यामुळेच असेल, मयूराने डोक्याच्या परतीच्या प्रवासासाठी एक पेटीही केली. कुणी सांगितली नव्हती, पण हेलनने नाही म्हटलं नाही. बाहेरून साधी लाकडी, आत डोक्याच्या आकाराचा फोम कापून बसवलेला, शेजारी तेवढीच आणखी एक जागा बैठकीसाठी रिकामी ठेवलेली. मापं तिने अंदाजाने घेतली होती. फोम दोन-तीन वर्षांत कडक होतो, म्हणून मागच्या मार्चमध्ये तिने तो बदलला. त्या दिवशी उर्वी मदतीला आली होती. ती आता नोकरी करते, मेलबर्नला क्लेटनमध्ये राहते, सुट्टीत घरी आली होती.

"आई, धिस माइट नेव्हर हॅपन, यू नो," फोमचा ठोकळा धरून उर्वी म्हणाली.

"हो."

"मग तू दर दोन वर्षांनी हे बदलत बसणार?"

"मी असेपर्यंत मी. मग दुसरं कुणी." मयूराने सुरीला नवं पातं लावलं. "नीट धर. डावीकडे सरकतोय."

उर्वीने दोन्ही हातांनी ठोकळा घट्ट धरला आणि मयूरा आखलेल्या रेघेवरून कापू लागली.